‘जजमेंट आलं’ म्हणजे हातात नेमकं काय आलं?

प्रश्न कळव्याच्या एका ताईंचा आहे. वडिलोपार्जित घराच्या बाजूने जाणाऱ्या वाटेवर शेजाऱ्याने भिंत घातली, म्हणून त्यांनी ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला होता. पंधरवड्यापूर्वी वकिलांचा फोन आला, ‘जजमेंट आलं, आपल्या बाजूने आहे.’ ताईंनी मुलाकडून ते ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलं आणि प्रिंट काढून शेजाऱ्याला दाखवलं. तो हसला. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात दाखवलं, तर तिथल्या माणसाने ‘ही डिक्री नाही’ म्हणून परत पाठवलं. कागदाच्या शेवटच्या पानावर मथळा आहे ‘आदेश’. आणि मधे एका तक्त्यात मुद्दा क्रमांक ३ समोर ‘नकारार्थी’ असं लिहिलेलं आहे. म्हणून त्या विचारतात: जजमेंट, आदेश आणि डिक्री हे एकच की तीन वेगळे? आम्ही जिंकलो की नाही? आणि त्या ‘नकारार्थी’चं काय करायचं?

ताई, कोर्ट नाक्यावर दिवाणी कामं करत माझी बरीच वर्षं गेली, आणि जिंकलेल्या पक्षकाराचा पहिला गोंधळ बहुतेक वेळा हाच असतो. हरलेल्याला काय करायचं ते लगेच सांगितलं जातं, कारण त्याची मुदत सुरू झालेली असते. जिंकलेल्याला पेढे वाटायला सोडून देतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २(९) मध्ये जजमेंटची व्याख्या जेमतेम एका ओळीची आहे. डिक्री किंवा ऑर्डर ज्या कारणांवर दिली, त्या कारणांचं न्यायाधीशाने केलेलं कथन म्हणजे जजमेंट. म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘कोण जिंकलं’ याला जजमेंट म्हणत नाहीत. ‘का जिंकलं’ याला म्हणतात. मराठी न्यायनिर्णयात या भागाला ‘कारणमीमांसा’ असं नाव असतं, आणि खरं तर तोच जजमेंटचा गाभा. बोलताना आपण ‘निकाल लागला’ म्हणतो आणि त्यात सगळंच कोंबतो, तिथून गफलत सुरू होते.

मग डिक्री, म्हणजे हुकूमनामा. कलम २(२) प्रमाणे दाव्यातल्या पक्षकारांचे हक्क न्यायालयापुरते अखेरचे ठरवणारी जी औपचारिक नोंद, ती डिक्री. कलम ३३ क्रम सांगतं: आधी सुनावणी, मग जजमेंट, आणि त्या जजमेंटवरून डिक्री. डिक्रीच्या कागदात कारणं नसतात. दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावं, मागणी काय होती, काय मंजूर झालं, कोणी कोणाला काय करून द्यायचं आणि शेवटी खर्चाचा तक्ता, एवढंच. कोर्टाचा बेलिफ जो कागद घेऊन दारात येतो त्याच्या मागे ही डिक्री असते; वीस-पंचवीस पानांची कारणमीमांसा घेऊन तो येत नाही.

तुमच्या प्रतीच्या शेवटचा ‘आदेश’ हा शब्द मात्र उगाच घोळ घालतो. तो भाग जजमेंटचाच आहे, त्याचं शेवटचं अंग. ‘दावा खर्चासह मंजूर’, ‘प्रतिवादीने अमुक मुदतीत भिंत काढून टाकावी’ अशा क्रमांक घातलेल्या ओळी तिथे असतात आणि बहुधा सगळ्यात खाली लिहिलेलं असतं, ‘हुकूमनामा त्याप्रमाणे तयार करण्यात यावा.’ ही ओळ तुमच्या प्रतीत नक्की सापडेल. तिचा अर्थ असा की हुकूमनामा अजून तयार व्हायचा आहे, कार्यालयाने तो करावा. प्रभाग कार्यालयातल्या माणसाचं म्हणणं त्यामुळे चूक नव्हतं. त्याने तुम्हाला ते नीट समजावलं नाही, एवढंच.

संहितेत ज्याला ‘ऑर्डर’ म्हणतात ती चीज निराळी. कलम २(१४) प्रमाणे दिवाणी न्यायालयाचा जो निर्णय डिक्री नाही, तो ऑर्डर. तुमच्या दाव्यात सुरुवातीला तात्पुरत्या मनाईसाठी अर्ज दिला असेलच. आपल्याकडच्या कोर्टांत या अर्जाला वर्षानुवर्षं निशाणी ५ (कोर्टाने कागदाला दिलेला क्रमांक) पडत आली आहे, त्यामुळे ‘निशाणी पाचचं काय झालं?’ हा प्रश्न ठाण्यात काय आणि बेलापुरात काय, कुणालाही कळतो. त्या अर्जावर झाला तो हुकूम म्हणजे ऑर्डर. तो दावा चालू असेपर्यंतचा. अंतिम निकालात तो विरून जातो. ‘आमच्याकडे पाच वर्षांपूर्वीची ऑर्डर आहे’ म्हणून तोच कागद जपून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. निकाल लागल्यावर त्याचा उपयोग जवळपास संपतो.

डिक्री कधी तयार होते? संहितेतल्या नियमांच्या क्रमांक घातलेल्या भागांनाही ‘आदेश’च म्हणतात, तुमच्या प्रतीतल्या मथळ्याशी त्याचा संबंध नाही. त्यातला आदेश २० नियम ६-अ म्हणतो, जजमेंटनंतर लवकरात लवकर, आणि काही झालं तरी १५ दिवसांत तयार करण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात कार्यालयावर कामाचा बोजा किती, त्यावर मागेपुढे होतं. मात्र डिक्रीवर तारीख पडते ती जजमेंट जाहीर झाल्याच्या दिवसाची, कागद तयार झाल्याच्या दिवसाची नाही. डिक्री तयार नाही म्हणून अपील अडत नाही. तोवर जजमेंटची प्रत जोडून अपील दाखल होतं. म्हणजे तुमचा शेजारी आज कोर्टात गेला तर ‘अजून हुकूमनामा झाला नाही’ म्हणून त्याला कोणी परत पाठवणार नाही. हे लक्षात घेऊन पुढचं वाचा.

आता ते जजमेंट वाचायचं कसं. वकील शेवटच्या पानापासून वाचतो, तुम्हीही तसंच वाचा. आदेशातली प्रत्येक ओळ दाव्यातल्या मागणीच्या शेजारी ठेवून पाहा. दाव्याच्या शेवटी ‘विनंती’ म्हणून परिच्छेद असतो: (अ) अमुक जागा वादीच्या मालकीची असल्याचं जाहीर व्हावं, (ब) भिंत काढून टाकण्याचा हुकूम व्हावा, (क) पुन्हा अडथळा करू नये अशी कायमची मनाई व्हावी, वगैरे. यातलं काय मिळालं आणि काय राहिलं? ‘दावा मंजूर’ आणि ‘दावा अंशतः मंजूर’ यांत एका शब्दाचा फरक आहे, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं सगळं उत्तर त्या एका शब्दावर अवलंबून आहे.

मग मुद्द्यांचा तक्ता. वादीचं म्हणणं आणि प्रतिवादीची कैफियत (त्याचं लेखी उत्तर) जिथे एकमेकांना भिडतात, त्यातून कोर्ट मुद्दे काढतं. एका बाजूला मुद्दा, दुसऱ्या बाजूला निष्कर्ष: होकारार्थी, नकारार्थी, कधी ‘अंशतः होकारार्थी’. आदेश २० नियम ५ प्रमाणे प्रत्येक मुद्द्यावर कारणांसह स्वतंत्र निष्कर्ष द्यावा लागतो. एकाच मुद्द्याने सगळा दावा निकाली निघत असेल तरच बाकीचे सोडता येतात.

तुमचा मुद्दा ३, तुम्ही लिहिलंय त्यावरून, वाटेची जमीन तुमच्या मालकीची आहे का, हा असावा. त्यावर ‘नकारार्थी’. पण वहिवाटीचा हक्क सिद्ध झाला, म्हणून भिंत पाडण्याचा हुकूम झाला. इथे दोन शक्यता आहेत. तुम्ही मालकी जाहीर करून मागितली होती आणि ती नाकारली गेली, तर दावा अंशतः मंजूर झाला. जेवढं नाकारलं तेवढी डिक्री तुमच्या विरुद्ध आहे, आणि मालकीचा मुद्दा तुम्हाला सोडायचा नसेल तर मुदतीत अपील केलंच पाहिजे. आज सोडलं तर पुढे कधीतरी त्याच जमिनीच्या मालकीचा दावा घेऊन गेलात की कलम ११ आडवं येतं: एकदा ठरलेला वाद पुन्हा नाही.

दुसरी शक्यता: तुम्ही मालकीची मागणी केलीच नव्हती, फक्त भिंत हटवा म्हणालात आणि ती मागणी पूर्ण मंजूर झाली. मग डिक्री संपूर्ण तुमच्या बाजूची आहे आणि विरोधात आहे तो नुसता एक निष्कर्ष. अपील होतं ते डिक्रीवर. कलम ९६ ची भाषाच तशी आहे. नुसत्या न आवडलेल्या कारणावर अपील होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बनारसी विरुद्ध रामफल (२००३) या प्रकरणात हे सगळं सविस्तर मांडलंय. पण तुम्ही निःशस्त्र नाही. शेजाऱ्याने अपील केलं, तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर आदेश ४१ नियम २२ खाली तुम्हाला त्या एका निष्कर्षापुरता उलटआक्षेप घेता येतो. अपिलाची नोटीस बजावल्यापासून एक महिना असतो. तोपर्यंत त्या ‘नकारार्थी’मुळे झोप उडवून घेऊ नका.

कारणमीमांसा मात्र पूर्ण वाचा, कंटाळा आला तरी. अपिलात खरी लढाई तिथेच होते. वरच्या कोर्टात शेजाऱ्याचा वकील ‘भिंत राहू द्या’ असं म्हणत नाही. ‘खालच्या कोर्टाने साक्षीदार क्रमांक २ चा उलटतपास विचारात घेतला नाही’ असं म्हणतो. तुमच्या बाजूची कारणं जितकी भक्कम, तितका हुकूमनामा टिकाऊ. आदेश २० नियम ४ मध्ये स्पष्ट आहे: लघुवाद न्यायालयाला मुद्दे आणि त्यावरचा निर्णय एवढंच लिहून चालतं, बाकी दिवाणी न्यायालयांच्या जजमेंटमध्ये प्रकरणाची थोडक्यात हकिगत, ठरवायचे मुद्दे, त्यावरचा निर्णय आणि निर्णयाची कारणं, चारही गोष्टी हव्यात. समोरच्याने कैफियतच दिली नाही तरी यातून सुटका नाही. बलराज तनेजा विरुद्ध सुनील मदान (१९९९) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रतिवादी गप्प बसला म्हणून डोळे मिटून वादीला हवं ते देता येत नाही. कारणं दिसली पाहिजेत. एकतर्फी निकाल घेऊन खूश झालेल्या पक्षकाराला मी म्हणूनच आधी विचारतो, कारणमीमांसा किती पानांची आहे?

जजमेंटचे हे चार भाग काही इंग्रजांनी आणले असं नाही. धर्मशास्त्रात व्यवहाराचे, म्हणजे खटल्याचे, चार पाद सांगितले आहेत: पूर्वपक्ष, उत्तर, क्रिया (म्हणजे पुरावा) आणि निर्णय. जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या जयपत्रात हे चारही उतरवून द्यायचे असत. पेशवाईतल्या निवाडपत्रांतसुद्धा दोन्ही बाजूंच्या तकरीरी (म्हणणी) आणि साक्षी यांचा तपशील येतो आणि मग निवाडा. त्या काळची एक रीत मला वकील म्हणून फार मोहात पाडते. हरलेल्या पक्षाकडून ‘येजितखत’ लिहून घेत, म्हणजे आपण वादात हरलो याची स्वतःच्या हातची कबुली. वर जिंकलेल्याकडून ‘हरकी’ आणि हरलेल्याकडून ‘गुन्हेगारी’ अशी रक्कम सरकारात जमा होई, तो भाग सोडा. आज हरलेला काही लिहून देत नाही. तो अपिलात जातो, नाहीतर तुमच्या शेजाऱ्यासारखा हसतो. म्हणून दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावावी लागते, त्याकडे येतोच.

त्याआधी ‘जजमेंट झालं’ असं नेमकं कोणत्या क्षणी म्हणायचं, ते सांगतो. युक्तिवाद संपला की कधी त्याच दिवशी, कधी पुढची तारीख देऊन निकाल जाहीर होतो. रोजनाम्यात ‘निकालासाठी’ असं लिहिलं की पक्षकार म्हणतात ‘जजमेंटवर ठेवलंय’. संहितेत अपेक्षा ३० दिवसांची आहे, असाधारण कारण असेल तर ६० दिवसांची. उच्च न्यायालयांत हे फार लांबायला लागलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने अनिल राय विरुद्ध बिहार राज्य (२००१) मध्ये सूचना दिल्या: तीन महिन्यांत निकाल आला नाही तर पक्षकार लवकर निकालासाठी अर्ज करू शकतो, सहा महिने झाले तर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे द्या म्हणू शकतो.

न्यायाधीशाच्या टेबलावर लिहून, सही करून ठेवलेला कागद अजून जजमेंट नसतो. उघड न्यायालयात तो जाहीर व्हावा लागतो. सुरेंद्र सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (१९५४) हे प्रकरण यासाठी वकिलीच्या पहिल्या वर्षात प्रत्येकाने वाचावं. दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे फौजदारी अपील चाललं, सुनावणी संपली, एका न्यायाधीशाने निकालपत्र लिहून सही करून सहकाऱ्याकडे पाठवलं, आणि ते जाहीर होण्याआधीच त्यांचं निधन झालं. दुसऱ्या न्यायाधीशाने ते दोघांचं म्हणून जाहीर केलं. सर्वोच्च न्यायालयाने ते जजमेंटच नाही असं ठरवलं. कारण जाहीर करण्याच्या क्षणापर्यंत न्यायाधीशाला आपलं मत बदलण्याची मुभा असते, आणि गेलेल्या माणसाला ती उरत नाही. आरोपीला फाशीची शिक्षा झालेली होती, तेव्हा हा काही कोरडा तांत्रिक वाद नव्हता.

उलट बाजूने, एकदा जाहीर करून सही झाली की त्याच न्यायाधीशाचेही हात बांधले जातात. हिशेबातली किंवा लेखनातली चूक कलम १५२ खाली दुरुस्त होते. त्यापलीकडे कलम ११४ आणि आदेश ४७ खालचं पुनर्विलोकन, ज्याची कारणं मोजकी आणि मुदत ३० दिवसांची. ‘साहेबांना भेटून ती ओळ बदलून घेता येईल का?’ असं विचारणारे अजूनही भेटतात. नाही.

‘जजमेंट’ हा शब्द कोर्टाच्या आवारात आणखी एका अर्थाने फिरतो. वकील जेव्हा ‘माझ्याकडे जजमेंट आहे’ म्हणतो, तेव्हा तो तुमच्या प्रकरणातला निकाल सांगत नसतो. वरच्या कोर्टाचा आधीचा निवाडा सांगत असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ मुळे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा सगळ्या न्यायालयांना बांधतो. पण बांधतो तो निकाल ज्या कायदेशीर कारणावर उभा आहे ते कारण. ओघात आलेलं प्रत्येक वाक्य नव्हे. लोक मोबाइलवर आलेली दोन ओळींची बातमी घेऊन येतात, ‘सुप्रीम कोर्टाचं जजमेंट आहे, वाट अडवता येत नाही.’ वस्तुस्थिती काय होती, पक्षकार कोण होते, हे पाहिल्याशिवाय त्या ओळीची किंमत शून्य. नियतकालिकांत वर छापलेला सारांशसुद्धा जजमेंट नसतो, तो संपादकाचा असतो. मूळ निवाडा न्यायालयाच्याच संकेतस्थळावरून काढून वाचावा. हल्ली न झालेले निवाडेही कृत्रिम बुद्धिमत्तेकडून ऐटीत क्रमांकासह मिळतात.

कायद्याकायद्यातही शब्दाचा आवाका बदलतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या लेटर्स पेटंटच्या (न्यायालयाच्या मूळ सनदेच्या) कलम १५ मध्ये एकल न्यायाधीशाच्या ‘जजमेंट’वर त्याच न्यायालयाच्या खंडपीठाकडे अपील सांगितलंय. तिथे जजमेंट म्हणजे काय, यावर इतका काथ्याकूट झाला की शेवटी शाह बाबूलाल खिमजी विरुद्ध जयाबेन कानिया (१९८१) मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिथला अर्थ संहितेतल्या व्याख्येपेक्षा रुंद आहे. पक्षकाराच्या महत्त्वाच्या हक्काला कायमचा धक्का लावणारा अंतरिम हुकूमही त्यात बसू शकतो. तुमच्या दाव्याला याचा काही उपयोग नाही. पण इंटरनेटवर शोधताना हे प्रकरण समोर येईल आणि तुम्ही गोंधळाल, म्हणून सांगून ठेवलं.

फौजदारीत डिक्री हा प्रकारच नाही. तिथे जजमेंट म्हणजे दोषी की निर्दोष आणि दोषी असेल तर शिक्षा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९२ मध्ये खटला संपल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत निकाल देण्याचं बंधन आलंय. दिवाणीवाल्या पक्षकाराने तो आकडा आपल्या दाव्याला लावू नये.

आणि रोजच्या मराठीत तर ‘जजमेंट’ म्हणजे चक्क अंदाज. घोडबंदर रोडवर टेम्पोने दुभाजक घासला की चालक म्हणतो, ‘जजमेंट चुकलं’. मैदानावर झेल सुटला की तेच. गंमत अशी की हा अर्थही कोर्टात येतो. डॉक्टरवर हलगर्जीपणाचा आरोप होतो तेव्हा बचाव असतो तो याच जजमेंटचा: उपचाराचा निर्णय घेताना अंदाज चुकला, पण काळजी घेतली होती. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य (२००५) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की केवळ अशी चूक म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. त्यामुळे एखाद्या वैद्यकीय निवाड्यात हा शब्द दिसला तर तो निकालपत्राबद्दल आहे की डॉक्टरच्या निर्णयबुद्धीबद्दल, हे आधी पाहावं लागतं.

आता तुमच्या महापालिकेच्या भेटीकडे. डिक्री हाती घेऊन गेलात तरी तो माणूस बहुधा हात वर करेल, आणि त्याला कारण आहे. तुमचा निकाल तुम्ही, तुमचा शेजारी आणि तुमच्यातर्फे हक्क सांगणारे, एवढ्यांनाच बांधतो. महापालिका दाव्यात प्रतिवादी नसेल तर तिला त्यात काही करण्याचा हुकूमच नाही. सगळ्या जगाला लागू होणारे निकाल वेगळे आणि थोडे: मृत्युपत्राचं प्रोबेट (कोर्टाने दिलेली मान्यता), विवाहाबाबतचे काही निर्णय, दिवाळखोरी, नौकाधिकार (जहाजांचे दावे). ते भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ३५ मध्ये आहेत. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम ४१ होतं. मात्र शेजाऱ्याने दावा चालू असताना घर दुसऱ्याला विकलं असेल, तर त्या नव्या मालकाला ‘मी पक्षकार नव्हतो’ म्हणून निसटता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ त्याला तुमच्या निकालात ओढून आणतं.

म्हणजे भिंत पालिका पाडणार नाही, कोर्ट पाडणार. त्यासाठी दरखास्त. आदेश २१ नियम ११ प्रमाणे अर्ज, सोबत हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल. हुकूम न पाळणाऱ्याला नियम ३२ खाली मालमत्तेची जप्ती किंवा दिवाणी कैद होऊ शकते. त्याच नियमात तुमच्या कामाची तरतूद आहे: जे काम करायला सांगितलं होतं ते कोर्ट तुमच्याकडून किंवा नेमलेल्या माणसाकडून करवून घेऊ शकतं आणि खर्च शेजाऱ्याकडून वसूल होतो.

मुदत नीट ऐका, कारण इथे जिंकलेले लोक हरतात. ‘डिक्री बारा वर्षं चालते’ हे वाक्य ठाण्यातला प्रत्येक पक्षकार ऐकून असतो. ते मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १३६ बद्दल आहे आणि पैशाच्या किंवा ताब्याच्या डिक्रीला बरोबर आहे. पण भिंत पाडून टाका असा हुकूम म्हणजे आज्ञार्थक मनाई. तिच्या अंमलबजावणीला अनुच्छेद १३५ प्रमाणे तीनच वर्षं, डिक्रीच्या तारखेपासून, किंवा आदेशात काम करायची तारीख दिली असेल तर त्या तारखेपासून. ‘पुन्हा अडथळा करू नये’ या कायमच्या मनाईला मात्र मुदतच नाही. एकाच डिक्रीतल्या दोन ओळींना दोन हिशेब. आणि उशीर माफ करणारं मुदत कायद्याचं कलम ५ आदेश २१ खालच्या अर्जांना लागू होत नाही, त्यामुळे ‘आजारी होतो’ हे कारण इथे चालत नाही.

अपिलाची मुदत दाव्याच्या किमतीवरून कोणत्या न्यायालयात जायचं त्यावर ठरते: जिल्हा न्यायालयात ३० दिवस, थेट मुंबई उच्च न्यायालयात ९०. नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्यातून वजा होतो; नकलेच्या पाठीवर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखांचा शिक्का असतो, तो त्याचसाठी. पण नकलेचा अर्ज देण्याआधी कोर्टाला डिक्री करायला लागलेले दिवस वजा होत नाहीत. तुमचे पंधरा दिवस गेले आहेत आणि तुमच्या हातात संकेतस्थळावरची प्रत आहे, जी माहितीपुरती. उद्याच जजमेंट आणि हुकूमनामा अशा दोन्हींच्या नकलेचा अर्ज द्या. मुद्दा ३ वर अपील करायचं ठरलं तर हे दिवस तुमचेच मोजले जाणार आहेत. अपील उच्च न्यायालयात जाणार असेल तर मराठी निकालपत्राचं इंग्रजी भाषांतर लागेल, त्यालाही वेळ धरा.

शेजारी अपिलात जाईल असं धरून वरच्या कोर्टात कॅव्हेट, म्हणजे ‘आधी आम्हाला ऐका’ असा आगाऊ अर्ज, लावून ठेवा. संहितेच्या कलम १४८-अ खालचं कॅव्हेट ९० दिवस टिकतं आणि तुम्हाला ऐकल्याशिवाय स्थगिती मिळण्याची शक्यता कमी होते. नुसतं अपील दाखल झालं म्हणजे तुमची डिक्री थांबली असं नाही; आदेश ४१ नियम ५ प्रमाणे स्थगितीचा वेगळा हुकूम लागतो. शेजारी ‘अपील टाकलंय, आता काही करता येणार नाही’ म्हणाला तर स्थगितीचा कागद मागा.

एक शेवटचं, जे हुकूमनामा हाती आल्याच्या दिवशीच करायचं. तो जजमेंटच्या आदेशाशी ओळीला ओळ लावून पाहा: भिंतीची लांबी, दिशा, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, दाव्यासोबतचा नकाशा हुकूमनाम्याचा भाग आहे असं लिहिलंय की नाही. दोन कागदांत फरक असेल तर कलम १५२ खाली दुरुस्ती होते. दरखास्त चालवणाऱ्या कोर्टाला हुकूमनाम्याच्या मागे जाता येत नाही. मजकूर मोघम असेल तर अर्थ लावण्यासाठी ते दाव्यातली कथनं आणि जजमेंट उघडून पाहू शकतं. भवन वाजा विरुद्ध सोलंकी हनुजी (१९७२) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं सांगितलंय. पण त्या वादात आणखी तारखा जातात, म्हणून नकाशाचा उल्लेख नसेल तर दुरुस्तीचा अर्ज दरखास्तीच्या आधी द्या. आणि आदेशात भिंत काढायला किती दिवस दिले आहेत ते पाहा. ती मुदत संपण्याआधी दरखास्त लावलीत तर ती अकाली ठरेल.